तरवडाची नववी माळ

मीरा रोडच्या शांती नगरात पायाखाली जे काही आहे त्याला जमीन म्हणणं म्हणजे मोठ्या मनाचं काम. खाली मिठागराची खारी माती, वर कुठल्या कुठल्या पाडलेल्या घरांच्या विटा, फुटक्या लाद्या आणि सिमेंटची ढेकळं. 'स्नेहदीप' सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतच्या असल्याच एका पट्ट्यावर बिल्डरने चार बोटं लाल माती पसरली आणि जाहिरातीत 'उद्यान' असं छापलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कमिटीने तिथे आधी हिरवळ लावली, मग गुलाब, मग जास्वंद. हिरवळ पिवळी पडली, गुलाबाची पानं कडेने करपली आणि जास्वंदीने दोन पावसाळे कशीबशी कळ काढून मान टाकली. शेवटी कमिटीने तिथे दोन सिमेंटची बाकडी बसवली. ती मात्र छान टिकली.

त्या पट्ट्यावर पुढे जे एकमेव झाड जगलं ते तळमजल्यावरच्या ईश्वरकाकांनी लावलं. ते होतं तरवड. माणच्या माळावर, दहिवडीच्या पुढे, जिथे बाभळीसुद्धा जगायचं की नाही याचा विचार करतात, तिथे तरवड बिनघोर वाढतो. कमरेएवढं झुडूप, बारीक बारीक पानं, चपट्या शेंगा आणि भाद्रपद लागला की हळदीने माखल्यासारखी पिवळीधमक फुलं. शेळी त्याला तोंड लावत नाही आणि माणूस त्याला पाणी घालत नाही. ईश्वरकाका भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करून निवृत्त झाले, कुर्ल्याची खोली सोडून इकडे आले आणि पहिल्याच वर्षी गावच्या जत्रेला जाऊन येताना रुमालात तरवडाच्या शेंगा बांधून घेऊन आले. बी दगडावर घासलं, कोमट पाण्यात भिजत घातलं आणि त्या विटांच्या ढिगात पेरलं.

"तिथं काय उगवतंय?" सुगंधाकाकू म्हणाल्या. बायकोने नवऱ्याच्या नव्या उद्योगाला इतपत आशीर्वाद द्यायचाच असतो.

उगवलं. आणि त्या कोवळ्या रोपाला सगळ्यात मोठा धोका निघाला तो पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेनचा. हंसाबेन मूळच्या काठियावाडच्या, मायाळू बाई. त्यांच्या खिडकीतून रोज तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, कधी उरलेली ताकाची निवळीसुद्धा त्या रोपावर पडायची. तरवडाला उपाशी मारता येत नाही, पण लाडाने मारता येतं. पाणी साठलं की मुळं कुजतात.

"बेन, पानी मत डालो, मर जायेगा," ईश्वरकाका खालून हात जोडून सांगायचे.

"पानी से कोई मरता है, काका?" हंसाबेन वरून म्हणायच्या आणि त्यांचा तांब्या आत घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी काकांनी रोपाभोवती खडी रचून पाणी वाहून जाईल असा उतार केला. हंसाबेनचं पुण्य गटारात जाऊ लागलं आणि तरवड वाढू लागला.

आता हे झाड इतका उपद्व्याप करून त्यांनी का लावलं, हे सुगंधाकाकूंखेरीज सोसायटीत कोणाला ठाऊक नव्हतं.

ईश्वरकाकांच्या घराण्यात कातडं कमावण्याचा धंदा होता. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला त्यांची कुंडं होती. तरवडाची साल कुटून पाण्यात टाकायची, त्या पाण्यात कातडं मुरवायचं, उलटंपालटं करायचं, मग त्याला तो तांबूस रंग चढायचा. विहिरीवरच्या मोटा त्याच कातड्याच्या व्हायच्या. काकांच्या वडिलांचे हात कोपरापर्यंत त्या सालीने रंगलेले होते. लग्नाला जायचं असलं की ते राखेने हात घासायचे, दगडाने घासायचे, तरी नखं काळी ती काळीच. लोक हात बघूनच ओळखायचे आणि बसायची जागा दाखवायचे.

पुढे विहिरींवर इंजिनं आली, मोटा गेल्या, कुंडं बुजली. पोटासाठी मुंबई गाठली. कुर्ल्याच्या चाळीत सगळे एकमेकांच्या गावचे, त्यामुळे कोण कोणाचा हे सांगावं लागत नव्हतं आणि लपवताही येत नव्हतं. मीरा रोडला मात्र पाटी कोरी होती. सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगला शेजारी बसलेल्या गृहस्थाने सहज विचारलं, "गावाला काय तुमची, शेती का?" आणि ईश्वरकाकांनी मान हलवली. मान हलवायला काही कष्ट पडत नाहीत. पण एकदा होकाराला हललेली मान पुन्हा सरळ करणं फार जड जातं. त्या दिवसापासून ते सोसायटीत शेतकरी झाले.

सुगंधाकाकूंना ते पटलं नव्हतं. "चोरी केलीय का आपण कुणाची?" त्या विचारायच्या.

"तुला न्हाई कळायचं," काका म्हणायचे. काकूंना सगळं कळत होतं. त्याही त्याच गावकुसाबाहेरच्या.

मग असं असताना नेमका तरवडच का लावायचा? तर माणसाचं मन असं सरळ थोडंच चालतं. जे लपवायचं, तेच डोळ्यासमोर असावं असंही वाटतं. संध्याकाळी सिमेंटच्या बाकड्यावर बसून ईश्वरकाका त्या झुडपाकडे बघत राहायचे, आणि काकूंना त्यांचा राग यायचा आणि कणवही यायची.

पहिल्यांदा तरवड भरून फुलला तेव्हा त्याची ओळख पटली ती सुचेताताईंना. सुचेताताई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, बँकेत होत्या, गिरगावातून इथे आलेल्या, पण माहेर नगर जिल्ह्यातलं. ऑफिसातून येताना त्या झुडपापाशी थबकल्या आणि पर्स खांद्यावरून घसरली तरी त्यांना भान नव्हतं.

"अहो काका, हा तरवड ना? आमच्याकडे घटाला तरवडाचीच माळ असते. लग्न झाल्यापासून मी झेंडूवर भागवतेय. दर वर्षी आई फोनवर विचारते, तरवड मिळाला का? इथे कुठला मिळणार?"

त्या नवरात्रात सुचेताताईंच्या घरी घटावर नऊ दिवस तरवडाच्या माळा चढल्या. त्यांचं बघून आणखी दोन घरांनी फुलं मागितली. बघता बघता ईश्वरकाका 'तरवडवाले काका' झाले, आणि मुलंसुद्धा चेंडू त्या बाजूला गेला की जपून उचलू लागली. काका पहाटे फुलं खुडून सुगंधाकाकूंच्या हाती वर पाठवायचे. स्वतः कधी गेले तरी दारातच उभे राहायचे.

"आत या ना काका, घट तरी बघा," सुचेताताई म्हणायच्या.

"नको ताई, हात मळलेत," काका म्हणायचे. धुतलेले, स्वच्छ हात पाठीमागे धरून म्हणायचे.

कारण त्यांना गावचं देऊळ आठवायचं. नवरात्रात त्यांची आई ओटीभर तरवडाची फुलं घेऊन जायची आणि देवळाच्या खालच्या पायरीवर ठेवायची. गुरवीण वरून पाणी शिंपडायची आणि मग ती फुलं उचलायची. फुलं वर जायची, आई खाली उभी राहायची. लहानपणी काकांना वाटायचं, पाणी फुलं ताजी राहावीत म्हणून शिंपडतात. खरं कारण कळलं त्या दिवसापासून ते आईबरोबर गेले नाहीत. आई बिचारी एकटीच जात राहिली. आता इथे तीच फुलं कोणी पाणी न शिंपडता दोन्ही हातांनी घेत होतं, देवीला घालत होतं, आणि ईश्वरकाकांना त्याचा आनंद इतका व्हायचा की त्याची भीती वाटायची. कळलं तर? एवढाच एक प्रश्न. कळलं तर फुलं घेतील का?

दोन हजार सहाच्या नवरात्रात ते कळण्याची वेळ आली, आणि आणली ती हंसाबेननी.

घटस्थापनेची आदली संध्याकाळ होती. सुचेताताई झुडपापाशी कळ्या किती आहेत ते बघत होत्या, चार फुलं खुडून त्यांनी ओंजळीत घेतली होती. ईश्वरकाका बाकड्यावर होते. भाजीची पिशवी घेऊन हंसाबेन आल्या, थांबल्या आणि कपाळावर हात मारून हसल्या.

"अरे, आ तो आवळ छे! तुम्हारा तरवड, हमारा आवळ. इतने साल से देखती हूँ, सोचती हूँ कहाँ देखा है. हमारे गाँव के बाहर बहुत होता था. इसकी छाल से चमडा पकाते थे, रंग चढाते थे. उधर से निकलो तो ऐसी बास," आणि त्यांनी पदर नाकाला लावून दाखवला.

सुचेताताईंचा हात थांबला. ओंजळ तशीच राहिली. "असं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती चार फुलं हळूच बाकड्यावर ठेवली. "उद्या सकाळीच नेते काका. आत्ता नेली तर कोमेजतील," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

आता फुलं रात्रभरात कोमेजतात हे खरंच आहे. पण चोराच्या मनात चांदणं. ईश्वरकाकांनी फक्त तो थांबलेला हात पाहिला, आणि बाकड्यावर ठेवलेली चार फुलं. त्यांना ती देवळाची खालची पायरीच दिसली. त्यांना जेवण गेलं नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही.

उजाडायच्या आत त्यांनी गावाहून आणलेला कोयता काढला आणि तरवड तोडला.

'नको' असं कोणी तोंडावर म्हणण्याआधी झाडच नसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. असला हिशेब फक्त ज्याला आयुष्यभर पायरीवर थांबवलंय त्यालाच सुचतो, दुसऱ्याला तो वेडेपणा वाटेल. गंमत अशी की मन फाटलेलं असताना हात मात्र शहाण्यासारखे चालत होते. जमिनीपासून वीतभर ठेवून, तिरका घाव, एका झटक्यात, जसं वडील सालीसाठी तोडायचे तसंच. आणि तोडलेल्या फांद्या त्यांनी कचऱ्यात टाकल्या नाहीत. तोडलेला तरवड वाळू द्यायचा नाही, त्याच दिवशी सोलायचा, नाही तर पाण्यात उभा करायचा, ही वडिलांची शिस्त. काकांनी फांद्या घरात आणल्या आणि मोरीतल्या लोखंडी बादलीत पाण्यात ठेवल्या. का ठेवल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं; का तोडला, ते मात्र जाग्या झालेल्या काकूंनी त्यांच्याकडून काढून घेतलं.

सकाळी सुचेताताई नाहून, तबक घेऊन खाली आल्या तर भिंतीपाशी नुसते बुंधे.

त्यांनी आधी वॉचमनला बोलावलं. "कोणी तोडलं? केबलवाले आले होते का? तुम्ही रात्रभर काय करत होता?" वॉचमन बिचारा गयावया करायला लागला, मैं तो जगा था मॅडम, कोई नहीं आया. माणसं जमली. हंसाबेन खिडकीतून "हाय हाय" करून देवपूजेला आत गेल्या. सुचेताताईंचा आवाज चढला, सेक्रेटरींना सांगून या माणसाला काढायला लावते म्हणाल्या. आणि ईश्वरकाका आपल्या दारात उभे होते. एका गरिबावर आपल्यापायी आळ येतोय हे दिसत होतं, तरी पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

तेव्हा सुगंधाकाकू त्यांना बाजूला सारून पुढे आल्या.

"त्याला नका बोलू ताई. यांनीच तोडलं."

"काकांनी? का पण?"

"कालच्या बोलण्यामुळं. हंसाबेन म्हणाल्या ना, कातडं रंगवतात या सालीनं. ते आम्हीच. आमच्या घरात तोच धंदा होता. माझे सासरे जन्मभर त्या कुंडावर राबले. शेतीबिती काही नव्हती आमची. तुम्हाला चालणार नाही म्हणून यांनी झाड तोडलं. आता बोला काय बोलायचं ते."

ईश्वरकाका खाली मान घालून उभे राहिले. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते अखेर होऊन गेलं होतं, आणि बायकोच्या तोंडून झालं होतं. त्यांना लाज वाटत होती, पण धंद्याची नव्हे. वॉचमन अजून तिथेच हात जोडून उभा होता, त्याची.

सुचेताताई वॉचमनकडे वळल्या. म्हणाल्या, "माफ करा हं भैया, मेरी गलती." आणि काकांजवळ आल्या.

"काका, काल माझा हात थांबला. खोटं कशाला बोलू? देवीला घालायची फुलं आणि कातडं, मनात आलं तसं. घरी गेले, आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं, तरवडावर सगळं गाव जगायचं, कोणी फुलावर, कोणी सालीवर, तू कोण लागून गेलीस? म्हणून आज लवकर उठून आले." त्यांनी भिंतीपाशीच्या बुंध्यांकडे बोट दाखवलं. "थांबलेला हात पुढे येतोय का, ते बघायला तुम्ही एक रात्र थांबला नाहीत. माझ्या वतीने तुम्हीच ठरवून टाकलंत."

ईश्वरकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"आता घटाला काय घालू?" सुचेताताई म्हणाल्या. त्यांचं तबक रिकामं होतं.

सुगंधाकाकूंनी त्यांचा दंड धरला आणि सरळ मोरीशी नेलं. बादलीत तरवड उभा होता. पाण्याने आणि घरातल्या उबेने कळ्या उमलल्या होत्या, आणि त्या अंधाऱ्या मोरीत पिवळा उजेड पडला होता.

पहिली माळ त्या बादलीतल्या फुलांची झाली. दुसरीही. रोज सकाळी काही कळ्या उमलायच्या, काही तशाच गळायच्या. आपल्या घरी झेंडू घालून बाकीच्या दोन घरांनी सगळी फुलं सुचेताताईंना सोडली. तरीही माळ दिवसेंदिवस आखूड होत गेली, आणि नवव्या दिवशी सकाळी बादलीत एकच फूल होतं. बाकी नुसत्या काड्या.

ईश्वरकाका मोरीच्या उंबऱ्यावर बसले. झाड असतं तर आज ओंजळ भरली असती, आणि झाड आपणच तोडलं. एका फुलाची माळ कशी होणार? त्यांनी एक जाड फांदी घेतली, नखाने सालीची कड सोडवली आणि ओढली. नऊ दिवस भिजलेली साल लांबच लांब निघाली. दुसऱ्या फांदीची निघाली, तिसरीची निघाली. मांडीवर घेऊन त्यांनी त्या साली वळल्या, तशीच दोरी वळली जशी वडील कुंडाकाठी बसून वळायचे. त्या दोरीत मधोमध ते एक फूल अडकवलं. बादलीतलं ते सालीचं पाणी लोखंडाला लागून काळंभोर झालं होतं, आणि काकांचे हात मनगटापर्यंत रंगले होते. बघता बघता ते वडिलांचे हात झाले.

"साबण देऊ?" काकूंनी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले.

ते स्वतःच जिना चढले. दारात उभे राहिले. आत घटापाशी समई लावलेली होती, हंसाबेन दर्शनाला येऊन बसल्या होत्या.

"ताई, फूल एकच राहिलंय," काका म्हणाले. "बाकी साल हाय. तीच साल. चालंल का, बघा."

सुचेताताईंनी त्या दोरीकडे पाहिलं, मग हातांकडे. या वेळी त्यांना वेळ लागला नाही.

"चालेल की. पण मी नाही बांधणार. तुम्ही आत या, तुम्ही बांधा."

"हात मळलेत, ताई."

"दिसतंय मला. या."

ईश्वरकाका आत गेले. दोन पावलांचं अंतर, पण त्यांच्या आईला ते जन्मात चालता आलं नव्हतं. त्यांनी ती सालीची माळ घटावर बांधली. गाठ मारताना ओली दोरी सरकत होती म्हणून सुचेताताईंनी दुसरं टोक धरलं, तर रंग त्यांच्याही बोटांना लागला. त्यांनी बोटं साडीला पुसली नाहीत.

हंसाबेन हे सगळं बघत होत्या. त्या सकाळी खाली काकू काय बोलल्या ते त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. "काका, हाथ को क्या हुआ? इतना काला?"

तोच प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत, मीटिंगला विचारला गेला होता. तेव्हा हललेली मान आज सरळ झाली.

"रंग है, बेन. वो आवळ का. मेरे बाप का हाथ हमेशा ऐसाच रहता था. चमडा पकाते थे हम लोग. खेती नहीं थी हमारी."

हंसाबेन क्षणभर गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "तो पहले बोलने का ना, काका," त्या म्हणाल्या. "मैं पागल, आप को ही सिखाने बैठी. और नाक पे पल्लू भी रखा." आणि समोरच्या ताटातला प्रसाद उचलून त्यांनी काकांपुढे धरला.

ईश्वरकाकांनी नेहमीप्रमाणे हात मागे नेला नाही. त्यांनी तो काळा हात उघडून पुढे केला, आणि हंसाबेननी त्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.